साडेपाच हजारांचा मायक्रोस्कोप आणि बटाट्यातली काळी फुली

ठाण्यात स्टेशनजवळच्या एका दुकानातून घेतला, हरियाणातल्या अंबाल्याचा माल, ५५०० ला पडला. लेकीच्या अकरावीसाठी घेतला पण खरं सांगायचं तर वापरतोय मीच, ती मोबाईलमध्ये.

१० च्या लेन्सने एकदम स्वच्छ दिसतं. ४० ला कडा धुरकट, आणि फोकसचं चाक हात सोडला की हळूच खाली घसरतं, दुकानात दाखवलं तर म्हणे वापरून सैल होतं, अहो चौथा दिवस होता!

पण पैसे वसूल झाले ते स्टार्चवर. बटाटा किसून पाण्यात पिळला, खाली पांढरा साका बसला, त्याचा थेंब काचेवर घेतला. शिंपल्यासारखे दाणे, अंगावर वळ्या, काही १०० मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तांदळाचे त्यापुढे चिल्लर, ३ ते ८ मायक्रॉन. मग जुन्या कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनची पोलरॉइड फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी) सोलून एक तुकडा लाइटवर, एक आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या लेन्सवर ठेवला आणि वरचा फिरवत गेलो. मागचं सगळं काळं झालं आणि प्रत्येक पांढऱ्या दाण्यावर काळी फुली! बायकोला झोपेतून उठवलं, शिव्या खाल्ल्या.

फुली दिसते म्हणजे दाण्याच्या आतली रेणूंची शिस्तशीर रचना शाबूत. साका पाण्यात कालवून गॅसवर ठेवला, थर्मामीटर लावून दर ५ डिग्रीला थेंब बघत गेलो. ५५ ला फुल्या जागेवर, ६० च्या पुढे एकेक विझायला लागली, ७० ला दाणे फुगून नुसते फुगे. तोच स्टार्च नीट वाळवून कोरडा मंद तव्यावर १० मिनिटं परतला तर फुल्या तशाच! म्हणजे नुसत्या आचेने काही होत नाही, पाणी आत शिरायला लागतं.

भिजवलेला साबुदाणाही फोडून बघितला. बाहेरच्या थरातले स्टार्चचे दाणे फुगलेले, बिनफुलीचे, आत मात्र फुलीवाले शिल्लक, कारण कारखान्यात ओला भाजतानाच तो अर्धवट शिजतो. आईला सांगितलं की उरलेले कढईत शिजतात, पाणी जास्त राहिलं की फुटून खिचडीचा गोळा होतो. ती म्हणाली, म्हणून तर मी बोटाच्या पेराएवढंच पाणी ठेवते, त्याला दुर्बीण कशाला.

साडेतीन स्टार. कव्हरस्लिप (थेंबावर ठेवायच्या पातळ काचा) वेगळ्या घ्या, डब्यातल्या १० पैकी ४ फुटक्या निघाल्या.