स्मृतीचा सेमिनार घ्यावा की रिप्लिकेशनचा?

परवा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अभ्यासिकेबाहेर चहा घेताना गडहिंग्लजहून आलेली एक ज्युनिअर म्हणाली, "ताई, दोन्हींतला एकच मिळणार आहे. कुठला घेऊ?" एमए मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला तिच्यापुढं दोन सेमिनार आहेत. एक 'स्मृती आणि मेंदू', दुसरा 'मानसशास्त्रातला रिप्लिकेशनचा पेच', म्हणजे जुने प्रयोग पुन्हा करून पाहिले की तोच निकाल येतो का, हा प्रश्न. यातला एक मी रीतसर घेतला होता, आणि दुसऱ्याला सरांची परवानगी काढून अख्खं सेमिस्टर मागच्या बाकावर बसले होते. चहा संपेपर्यंत तिला जेवढं सांगता आलं ते अपुरं होतं, म्हणून हे सविस्तर.

सेमिनार म्हटलं की आपल्याकडं दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि शेवटी सर्टिफिकेट असलेलं एकदिवसीय चर्चासत्र डोळ्यांसमोर येतं. हा तो नव्हे. इथं दर आठवड्याला एक-दोन मूळ शोधनिबंध वाचून यायचं, आपल्या पाळीला ते वर्गापुढं मांडायचे आणि बाकीच्यांनी खोदून विचारलेल्या प्रश्नांना तोंड द्यायचं. नोट्स मिळत नाहीत. गाईड बाजारात नाही.

स्मृतीच्या सेमिनारची सुरुवात बहुतेकदा हेन्री मोलेसन या पेशंटपासून होते. फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 साली, वयाच्या 27 व्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग) आणि आसपासचा भाग बऱ्याच अंशी काढला गेला. त्यानंतर नवीन घडलेलं काहीच त्याच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायला लावली, सलग तीन दिवस. आपण हे आधी केलंय हे त्याला आठवत नव्हतं, पण चुका मात्र कमी होत गेल्या.

ही चांदणी आपल्या ओळखीची आहे. बीएच्या प्रात्यक्षिकाला आरसा लावलेला तोच लाकडी स्टँड, हात झाकणारी तीच पट्टी. आपण चुका मोजल्या, आलेख काढला, जर्नलवर सही घेतली आणि पुढच्या प्रयोगाकडं वळलो. त्या खोक्यानं स्मृती एकाच जातीची नसते, घडलेलं आठवणं वेगळं आणि हाताला वळण लागणं वेगळं, हे दाखवून दिलं होतं, हे मला सेमिनारमध्ये कळलं. त्या आठवड्यात मला कागलचे आमचे आजोबा सारखे आठवत होते. शेवटच्या दोन वर्षांत सकाळी कोण येऊन गेलं हे त्यांना सांगता यायचं नाही, पण फेटा हातात दिला की आरशाशिवाय पीळ न पीळ बरोबर बसायचा. मोलेसनचा आजार वेगळा आणि आजोबांचा वेगळा, हे मला ठाऊक आहे. तरीही तो निबंध वाचताना डोळ्यांपुढं त्यांचेच हात होते.

पुढं वाट चढणीची होते. 2000 साली करीम नाडेर आणि जोसेफ लेडू यांच्या गटानं दाखवलं की, आवाज ऐकला की शॉक बसतो हे शिकलेल्या उंदरांना तो आवाज पुन्हा ऐकवून लगेच अमिग्डालात, म्हणजे मेंदूच्या भीतीशी निगडित भागात, प्रथिननिर्मिती रोखणारं औषध दिलं, तर पक्की झालेली भीतीही पुसली जाते. आवाज न ऐकवता औषध दिलं तर काहीच होत नाही. म्हणजे आठवण बाहेर काढली की काही काळ ती कच्ची होते. हा निबंध वाचायला मला तीन संध्याकाळी लागल्या. दहावीनंतर जीवशास्त्राला रामराम केलेल्या आर्ट्सच्या मुलांनी हे धरूनच चालावं: पहिला महिना शब्द समजून घेण्यातच जातो. शिवाय वाद मिटलेले नसतात. प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी तयार होतात की नाही, यावर 2018 मध्ये काही आठवड्यांच्या अंतरानं दोन अगदी उलट निष्कर्ष छापून आले. परीक्षेसाठी एकच उत्तर हवं असणाऱ्याला हे जड जातं.

रिप्लिकेशनच्या सेमिनारला जीवशास्त्र लागत नाही, आकडेवारी लागते. 2015 साली मानसशास्त्रज्ञ ब्रायन नोसेक यांच्या पुढाकारानं 100 प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले. मूळ निबंधांपैकी 97 टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय (नुसत्या योगायोगानं येणं अवघड असे) होते, पुन्हा केल्यावर 36 टक्क्यांतच तसे आले. संयम वापरला की तो खर्ची पडतो, असं सांगणारा 1998 चा बिस्किटं आणि मुळ्यांचा प्रयोग आपण बीएला पाठ केला: समोरची बिस्किटं सोडून मुळे खायला लावलेली माणसं पुढचं कोडं लवकर सोडून देतात. त्या कल्पनेची 23 प्रयोगशाळांनी मिळून 2 हजारांवर माणसांवर तपासणी केली, आणि 2016 मध्ये परिणाम जवळजवळ शून्य निघाला. मेंदूचे फोटोही यातून सुटत नाहीत. क्रेग बेनेट यांच्या गटानं मेलेल्या सॅमन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांची छायाचित्रं दाखवली आणि आकडेवारीतली नेहमीची, योगायोगानं आलेले निकाल गाळणारी दुरुस्ती न करता पाहिलं, तर त्याच्या मेंदूत 'हालचाल' दिसली.

मला या सेमिनारमधलं सगळ्यांत मोलाचं वाटलं ते वेगळंच. साक्षीदारांच्या स्मृतीवर काम करणाऱ्या एलिझाबेथ लॉफ्टस यांचा 1974 चा अपघाताचा प्रयोग आम्ही मराठीत करायला घेतला. अपघातांच्या त्याच फिल्म्स पाहूनही, गाड्या जोरात आदळल्या असं विचारल्यावर लोकांनी सरासरी ताशी 40 मैलांवर वेग सांगितला होता आणि नुसत्या एकमेकींना लागल्या म्हटल्यावर 31.8. निबंध उघडल्यावर कळलं की विद्यार्थी एकूण 45, म्हणजे एका क्रियापदाला फक्त 9. मग मराठी शब्दांवर दोन अख्खे तास गेले. 'धडकल्या', 'आदळल्या', 'ठोकल्या', 'घासल्या', 'टेकल्या' यांची चढती भाजणी कुणी ठरवायची? 'भिडल्या' हा शब्द एकानं सुचवला, तर तालमीत जाणारा मित्र म्हणाला, "भिडणं म्हणजे कुस्ती, त्यात वेग कुठला?" माहिती गोळा करण्याआधीच सेमिस्टर संपलं, पण प्रश्नावली बनवताना इंग्रजी वाक्य नुसतं मराठीत उतरवून चालत नाही, हे तेव्हापासून माझ्या हाडात बसलंय.

आता निवड. पुढच्या सेमिस्टरला डिझर्टेशन (स्वतःचा संशोधन प्रबंध) असेल तर मी रिप्लिकेशनकडं बोट दाखवेन. मेंदूतली स्मृती बघायची म्हटलं की बहुतेकदा एमआरआय लागतो, आणि ते यंत्र पेशंटांच्या रांगेतून आपल्यासाठी मोकळं होणं अवघड. रिप्लिकेशनला कॉलेजचे विद्यार्थी, एक साधा लॅपटॉप आणि जास्पसारखं आकडेवारीचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. अनेक मूळ प्रयोगांची कच्ची माहितीही आता मोफत उतरवून घेता येते. मानसशास्त्राचे बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य विद्यार्थ्यांवर झालेत, त्यामुळं करवीर-पन्हाळ्यातल्या माणसांवर नीट केलेल्या लहानशा कामालाही किंमत आहे. मैत्रिणींना गुगल फॉर्म पाठवून 30 उत्तरं जमवायची आणि त्याला संशोधन म्हणायचं, ही आपल्याकडची सवय मोडायला याच्याइतका चांगला सेमिनार नाही.

क्लिनिकलला, म्हणजे मानसोपचाराकडं, जायचं असेल किंवा पक्षाघात, डिमेन्शियाच्या पेशंटांबरोबर काम करायचं असेल, तर मात्र स्मृतीचाच घ्या, कितीही जड वाटला तरी. पेशंटचे नातेवाईक "बाकी सगळं विसरतात, मग हे कसं येतं?" असंच विचारतात, आणि त्याचं उत्तर तुमच्यापाशी असायला हवं.

काही ठिकाणी मेंदू आणि कायदा असाही विषय असतो. आरोपीच्या मेंदूच्या लहरी तपासणारं ब्रेन मॅपिंग आणि औषध देऊन बोलतं करणारी नार्को चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही हा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा सेल्वी निकाल त्यात येतो. वकिलीकडं ओढा असेल तरच.

गडहिंग्लजच्या मुलीला क्लिनिकलला जायचंय आणि बारावीला तिचं सायन्स होतं, तिला मी स्मृतीचा सांगितला. फॉर्म भरण्याआधी सरांकडून पहिल्या तीन आठवड्यांची वाचनयादी मागून घे आणि त्यातला एक निबंध शेवटपर्यंत वाचून बघ, एवढंही सांगितलं. वर्गात किती जण असणार तेही विचारायला हवं. पंधराच्या वर गेले की पाळी एकदाच येते आणि बाकीचे दिवस ऐकण्यात जातात. आणि आरशाचा तो स्टँड लॅबमध्ये अजून आहे का, हे तिनं बघून मला कळवायचंय.