घरच्या कॉम्प्युटरवर पायथन: थेट विंडोज, डब्ल्यूएसएल की उबंटू?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कॉम्प्युटर एकच. सकाळी त्यावर काकांचे सोसायटीचे हिशेब, संध्याकाळी चुलतभावाचा अभ्यास. परवा त्याने विचारलं, "दादा, पायथन विंडोजमध्येच टाकू, डब्ल्यूएसएल घेऊ, की उबंटू टाकून ड्युअल बूट करू?" पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. उबंटू हा लिनक्सचा एक प्रकार, म्हणजे विंडोजसारखीच वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम. डब्ल्यूएसएलने ते विंडोजच्या आतच चालतं; ड्युअल बूटमध्ये दोन्ही शेजारी असतात, चालू करताना एक निवडायची. मी विचारलं, रॅम किती? आठ जीबी, म्हणाला. निम्मा निकाल तिथेच लागला.

थेट विंडोजवर टाकणं सोपं, फक्त एक खोच आहे. नेहमीच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत अगदी खाली पायथन पाथमध्ये, म्हणजे विंडोज कमांड जिथे शोधतं त्या यादीत, घालायची बारीकशी चौकट असते. ती आधीपासून टिक केलेली नसते, आणि घाईत सगळे 'इन्स्टॉल नाऊ' दाबून मोकळे होतात. मग कमांड प्रॉम्प्टवर पायथन लिहिलं की उघडतं मायक्रोसॉफ्ट स्टोअर! या एका चौकटीपायी मी अख्खा रविवार घालवलाय, तीनदा काढून पुन्हा टाकण्यात. दुसरं म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्याच्यापुरता स्वतंत्र कप्पा करायचा, नाहीतर एकाची लायब्ररी (आयता वापरायचा कोड) अपडेट केली की दुसरा प्रोजेक्ट आडवा. घरी अजून विंडोज ७ असेल तर ३.८ च्या पुढचं पायथन त्यावर चालत नाही.

डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या पोटातलं लिनक्स. एका कमांडने उबंटू येतं; बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (एका सिस्टिमच्या आत दुसरी चालवायची सोय) मात्र चालू हवं. सर्व्हरवर चालणारं काही शिकायचं असेल तर मला हाच रस्ता आवडतो. पण डब्ल्यूएसएल २ (हल्लीची आवृत्ती) मर्यादा घातली नाही तर निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकतं. आठातले चार तिकडे गेले, वर क्रोमच्या वीस टॅब, मग काय उरलं? सोळा जीबी असेल तर बिनधास्त घ्या. फाइली लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. सी ड्राइव्हवरून काम केलं की सगळं रखडतं.

ड्युअल बूटमध्ये मशीनची पूर्ण ताकद मिळते, पण घरात सामाईक कॉम्प्युटर असेल तर मी नकोच म्हणेन. चालू केल्यावर काळ्या पडद्यावर यादी येते आणि काही सेकंदांत आपोआप उबंटू सुरू होतं. चहाचा कप घेऊन बसलेल्या काकांना ते कोण समजावणार? शिवाय विंडोज ११ मध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूपबंद असेल, तर बिटलॉकरची (त्या कुलपाची) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी लागते.

मात्र विंडोज ११ वर न जाणारा जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर उबंटूच टाका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. उबंटूवर पिपने, म्हणजे लायब्ररी टाकायच्या पायथनच्या साधनाने, थेट लायब्ररी टाकायला गेलात तर नव्या आवृत्त्यांत नकार येतो, कारण ते पायथन सिस्टिमच्या कामाचं असतं. आपलं वेगळं एन्व्हायर्नमेंट करायचं, की झालं.

भावाने शेवटी थेट विंडोजवरच टाकलं. मी मागे उभा राहून ती चौकट तेवढी टिक करतो का बघत होतो.