वर्डप्रेसचा साइटमॅप, आठ महिने वापरल्यावर

माझी रेसिपीजची साइट आहे, मराठीत, वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर, ३१२ पोस्ट, आई सांगते आणि मी टाइप करतो, होस्टिंगचा खर्च निघाला म्हणजे डोक्यावरून पाणी. आठ महिन्यांपूर्वी सर्च कन्सोल (आपली कुठली पानं गूगलमध्ये आहेत ते दाखवणारं गूगलचं साधन) पहिल्यांदा नीट उघडून बघितलं तर निम्म्या पोस्ट गूगलमध्ये नाहीतच. ओळखीतला एकजण म्हणाला साइटमॅप टाक, म्हणजे गूगलसाठी साइटवरच्या सगळ्या पानांच्या लिंकांची यादी, सगळं येईल.

तर टाकायचं काही नव्हतंच! वर्डप्रेसमध्ये ५.५ व्हर्जनपासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, तो आपोआप बनतो, साइटच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन डब्ल्यूपी-साइटमॅप डॉट एक्सएमएल टाइप केलं की समोर. आणि मी त्याच कामासाठी वर्षाची फी भरून प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं जादाचं सॉफ्टवेअर, घेतलेलं. नाव घेत नाही, पण त्यात गूगलला पिंग करायचं, म्हणजे साइटमॅप बदललाय असं कळवायचं, एक बटन होतं आणि मी भाबडेपणाने रोज रात्री जेवण झालं की ते दाबायचो. नंतर वाचलं की गूगलने ती पिंगची सोय २०२३ मध्येच बंद केलीय. काढून टाकलं प्लगिन.

वर्डप्रेसचा स्वतःचा साइटमॅप सबमिट केला, 'सक्सेस' आलं, आणि सापडलेली पानं किती, तर ९४०. अरे, पोस्ट ३१२ आणि पानं ९४० कुठून? एकेक फाइल उघडून बसलो तेव्हा कळलं, टॅग, म्हणजे पोस्टना लावलेली लेबलं. चविष्ट, चवदार, चविष्ठ (हो, असाही एक होता), आईच्या हातचं, आईच्या हाताचं... प्रत्येक टॅगचं वेगळं पान, आत बहुतेक ठिकाणी एकच रेसिपी. लेखकांची पण एक फाइल निघाली, त्यात माझं लॉगिनचं नाव सरळ दिसत होतं. या फाइली बंद करायला सेटिंगमध्ये बटन नाही, कोडच्या दोन-चार ओळी टाकाव्या लागतात, हा मोठा मायनस.

मग लिंका वाचायला लागलो आणि खरा धक्का तिथे. 'उपवासाच्या दिवशी झटपट होणारे वरईचे थालीपीठ' या पोस्टची लिंक संपत होती 'झटपट-हो' वर! आणि त्याच धाटणीच्या नावाच्या साबुदाणा वड्याची 'झटपट-हो-2'. कारण असं की लिंकमध्ये देवनागरीचं एकेक अक्षर, काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरून, नऊ कॅरेक्टर खातं आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० ची, म्हणजे बाविसेक अक्षरांत दुकान बंद. मराठीत साइट चालवणाऱ्यांनी एकदा आपला साइटमॅप उघडून लिंका वाचाच, डॅशबोर्डवर हे कधी लक्षात येत नाही. मी चाळीसेक लिंका छोट्या केल्या, जुन्या लिंकवरून वर्डप्रेस आपोआप नव्यावर नेतं त्यामुळे तुटलं काही नाही.

एक घोळ माझा स्वतःचा. एका रविवारी सगळ्या पोस्टची कॅटेगरी एकदम बदलली आणि सगळ्यांची लास्टमॉड म्हणजे शेवटच्या बदलाची तारीख तीच झाली. गूगल ही तारीख खरी असेल तरच मानतं, उगाच रोज ताजी दाखवली की विश्वास उडतो. (ही तारीख वर्डप्रेसच्या साइटमॅपमध्ये ६.५ पासून आली, त्याआधी नव्हतीच.) साइटमॅपमधल्या प्रायॉरिटी (पान किती महत्त्वाचं) आणि चेंजफ्रीक्वेन्सी (पान किती वेळा बदलतं) यांच्या मागे लागू नका, जुने व्हिडिओ त्यावर अर्धा अर्धा तास बोलतात पण गूगल दोन्हीकडे बघत नाही.

आता मुख्य प्रश्न, फरक पडला का? नुसत्या साइटमॅपने नाही. दोन महिने झाले तरी १४० पोस्ट 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' मध्ये तशाच, म्हणजे गूगलला पत्ता माहितीय पण यायला वेळ नाही. हलल्या कधी, तर टॅग उडवले आणि रेसिपींना एकमेकींच्या लिंका दिल्या तेव्हा, पुरणपोळीखाली कटाची आमटी, आमटीखाली येसर, असं. गूगल स्वतःच सांगतं की पाचशेच्या आत पानं असतील आणि आतल्या लिंका नीट असतील तर साइटमॅप नसला तरी चालतो. एका फाइलमध्ये ५०,००० लिंका मावतात, ती सोय मोठ्या दुकानांसाठी, पेपरवाल्यांसाठी.

सध्या २६० च्या आसपास पोस्ट गूगलमध्ये आहेत. वरईचं थालीपीठ अजून नाही, आणि आई दर एकादशीला विचारते.