‘हाराकिरी’ची क्रायटेरियन ब्लू-रे: चित्र-आवाज अव्वल, सोबतचा मजकूर अपुरा

मासाकी कोबायाशी यांचा ‘हाराकिरी’ १९६२चा. जुने, नावाजलेले चित्रपट जपून डिस्कवर आणणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने त्याची ब्लू-रे २०११ साली काढली: एक डिस्क, १३३ मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट, मूळ मोनो आवाज, इंग्रजी सबटायटल्स आणि एक पुस्तिका. सामुराईंच्या विधिवत आत्महत्येवर, म्हणजे सेप्पुकूवर, आजवर चित्रपट आणि मालिका पुष्कळ झाल्या; पण त्या विधीची इतकी कठोर झडती दुसऱ्या कुणी घेतल्याचं दिसत नाही. हा चित्रपट नीट बघायचा तर ही डिस्क घ्यावी. चित्र आणि आवाज अव्वल आहेत. सोबतचा मजकूर मात्र कमी पडतो, आणि नेमका जिथे प्रेक्षकाला मदत हवी तिथेच कमी पडतो.

काळ १६३०, जागा एडो, म्हणजे आजचं टोकियो. त्सुगुमो हान्शिरो हा रोनिन, धनी नसलेला सामुराई, ईई घराण्याच्या वाड्यावर येतो आणि तुमच्या अंगणात मला सन्मानाने मरू द्या, अशी विनंती करतो. अशी मागणी घेऊन येणारा तो पहिला नाही. जपानमधल्या सत्तासंघर्षातली सेकिगाहाराची लढाई १६००ची, ओसाकाचा वेढा १६१४-१५चा. मग शांतता आली आणि शोगुनेटने, म्हणजे शोगुन या लष्करी सत्ताधाऱ्याच्या राजवटीने, मोठमोठ्या घराण्यांच्या जहागिऱ्या काढून घेतल्या. हान्शिरो ज्यांच्या पदरी होता त्या फुकुशिमा घराण्याचं हिरोशिमा १६१९मध्ये असंच गेलं. किल्ल्याची डागडुजी परवानगीशिवाय केली, एवढं कारण पुरलं. कमरेला तलवार आणि घरात दाणा नाही, अशी माणसं एडोत फिरू लागली. चित्रपटात अशाच एकाला या मागणीवर नोकरी मिळते. मग बाकीचेही मोठ्या घराण्यांच्या दारात तेच म्हणत उभे राहतात आणि चार पैसे घेऊन परततात. ईई घराण्याचा कारभारी साइतो कागेयू ठरवतो की हे आता थांबवायचं. हान्शिरोच्या आधी आलेल्या चिजीवा मोतोमे या तरुणाला वाड्यातले लोक खरोखरच मरायला लावतात.

हा भाग जवळून बघण्यासारखा आहे. मोतोमेला आधी आंघोळीला पाठवतात, स्वच्छ कपडे देतात. आता नोकरी मिळणार, असं त्याला वाटतं आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मग समोर पांढरे कपडे येतात. तो एक-दोन दिवसांची मुदत मागतो, नक्की परत येईन म्हणतो. नकार मिळतो. त्याच्या म्यानात बांबूची पाती आहेत हे वाड्यात कळलेलं आहे, आणि म्हणूनच त्याने स्वतःचंच शस्त्र वापरावं असा आग्रह धरला जातो. विधीत एक सहायक असतो, कैशाकुनिन. मरणाऱ्याच्या यातना लांबू न देणं हे त्याचं काम. ते काम इथे ओमोदाका हिकोकुरोकडे आहे. हल्ली हा विधी नावापुरता उरलाय, आपण तो मुळाबरहुकूम करू, असं म्हणून तो हात आखडून ठेवतो. त्या अख्ख्या विधीत दयेला एकच जागा आहे आणि तीच नियमाचं नाव घेऊन बंद केली जाते. पांढरी वाळू, रांगेने बसलेले चाकर, वर ओसरीवर कारभारी. सगळं जागच्या जागी आहे, शिस्तीत कुठेही उणं नाही, आणि त्यामुळेच ते बघवत नाही.

हान्शिरोची पाळी येते तेव्हा पटकथाकार शिनोबू हाशिमोतो तोच नियम उलटा फिरवतात. हान्शिरो पांढरे कपडे नाकारतो. सहायक म्हणून तो ओमोदाकाचं नाव घेतो. निरोप येतो की तो आजारी आहे. मग यझाकी हायातो. तोही आजारी. मग कावाबे उमेनोसुके. मरणाऱ्याची शेवटची विनंती म्हणून कारभाऱ्याला प्रत्येक वेळी माणूस पाठवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात हान्शिरो आपली कहाणी सांगत जातो. पुढचं इथे सांगत नाही. तात्सुया नाकादाई तेव्हा तिशीच्या आतले होते, आणि तरी खालच्या पट्टीतल्या, जराही न चढणाऱ्या आवाजात त्यांनी अर्धं आयुष्य उलटून गेलेला माणूस उभा केला आहे. समोर रेंतारो मिकुनी यांचा कागेयू. तो क्रूर दिसत नाही, फक्त जबाबदार दिसतो, आणि चित्रपटातली सगळ्यांत भीतिदायक गोष्ट तीच आहे.

तुलनेला तीन कामं घ्यावीत. युकिओ मिशिमा यांचा १९६६चा लघुपट ‘युकोकू’ याच कृतीला पवित्र आणि सुंदर करून दाखवतो. तो ‘हाराकिरी’च्या अगदी विरुद्ध टोकाला उभा आहे आणि त्याची मोहिनी घातक आहे. ताकाशी मिइके यांनी २०११मध्ये ‘हाराकिरी’चीच कथा रंगीत थ्रीडीत पुन्हा केली. त्यातलं घरातलं दारिद्र्य मन हेलावून सोडतं, पण संस्थेवरचा राग पातळ होतो आणि करुणाच उरते. २०२४च्या दहा भागांच्या ‘शोगुन’ मालिकेत सेप्पुकू हा राजकारणातला डाव आहे. तिथे मरण निष्ठेची किंमत म्हणून मोजलं जातं. ती किंमत मागणाऱ्यावर कॅमेरा फार वेळ थांबत नाही. कोबायाशी थांबतात. मांचुरियात सैनिक असताना त्यांनी बढती नाकारली होती. हुकमाखाली माणसाचं काय होतं हे त्यांनी ऐकीव माहितीवर दाखवलेलं नाही.

आता डिस्क. चित्राची चौकट २.३५:१ अशी रुंद आहे आणि छायाचित्रकार योशिओ मियाजिमा यांनी तिची कड न् कड वापरली आहे. वाळूचा पांढरा रंग जळत नाही, अंधाऱ्या दालनांतल्या काळ्या किमोनोच्या घड्या वेगळ्या दिसतात, फिल्मचा दाणा पुसलेला नाही. खरी कसोटी माळावरच्या द्वंद्वाची. वाऱ्याने सतत हलणारं उंच गवत ही कॉम्प्रेशनला सर्वांत जड जाणारी गोष्ट. कमी बिटरेटच्या स्ट्रीमवर त्याचा नुसता राखाडी लगदा होतो. इथे पाती सुटी राहतात.

आवाज मोनो, पण अनकॉम्प्रेस्ड. तोरू ताकेमित्सू यांचं संगीत अगदी थोडं आहे: बिवा या तंतुवाद्याचा एखादा आघात आणि त्यानंतर लांबलेली शांतता. ती शांतता हाच संगीताचा अर्धा भाग असल्याने टीव्ही किंवा साउंडबारचा ‘नाइट मोड’ बंद करावा. तो हळू आवाज चढवतो, मोठा दाबतो, आणि बिवाचा आघात बोलण्याच्या पातळीला येऊन बसतो. कृत्रिम सराउंडही बंदच हवा, नाहीतर एका जागेहून यायला हवा तो आवाज खोलीभर विरतो. टीव्हीवर चित्रपटाचा मोड लावा, शार्पनेस शून्याकडे आणा आणि मोशन स्मूदिंग बंद करा. ते चालू राहिलं तर कॅमेऱ्याची संथ सरक मालिकेसारखी गुळगुळीत दिसते. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात म्हणून झूम करू नका. झूम केलं की अंगणात दोन्ही कडांना बसलेले साक्षीदार कापले जातात, आणि या चित्रपटात साक्षीदार शोभेला बसवलेले नाहीत. खोलीत अंधार हवा.

पुरवण्यांत समीक्षक डोनाल्ड रिची यांची प्रस्तावना, दिग्दर्शक मासाहिरो शिनोदा यांनी कोबायाशींशी केलेल्या संवादाचा तुकडा, नाकादाई आणि हाशिमोतो यांच्या मुलाखती आणि ट्रेलर आहे. पुस्तिकेत जोन मेलन यांचा लेख आणि त्यांनीच घेतलेली कोबायाशींची मुलाखत आहे. हाशिमोतोंची मुलाखत आधी बघा; कथा मागे-पुढे नेण्याचा हिशेब त्यातून उलगडतो. रिचींची प्रस्तावना मेनूत आधी दिसली तरी ती आणि पुस्तिका चित्रपटानंतरच उघडा.

उणीव आहे ती इतिहासाची. कॉमेंटरी ट्रॅक नाही आणि विधीबद्दल बोलणारा एकही इतिहासकार नाही. स्वेच्छेने मागितलेलं सेप्पुकू वेगळं, शिक्षा म्हणून फर्मावलेलं वेगळं, आणि धन्यामागोमाग जीव देण्याची जुन्शीची प्रथा आणखी वेगळी. जुन्शीवर शोगुनेटनेच १६६३मध्ये बंदी घातली आणि शिक्षा म्हणून सेप्पुकू १८७३मध्ये रद्द झालं. एवढं माहीत असलं तरी अंगणातला प्रत्येक संवाद वेगळा ऐकू येतो. वीस मिनिटांचं टिपण पुरलं असतं.

मोतोमेचा प्रसंग पहिल्या पाऊण तासातच येतो आणि तो दीर्घ आहे. रक्तापेक्षा त्याची लांबी अंगावर येते. ज्यांच्या घरात असा मृत्यू झालाय, किंवा ज्यांच्या मनात सध्या जीव देण्याचे विचार येतात, त्यांनी हा चित्रपट आत्ता बाजूला ठेवावा आणि जवळच्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोलावं. मुलांसोबत बघण्याचा तर हा नव्हेच.

घेण्याआधी प्लेअर तपासा. ब्लू-रेसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत आणि ही डिस्क ‘ए’ विभागाची आहे. अमेरिका आणि जपान त्यात येतात, भारत ‘सी’मध्ये. मल्टिरिजन प्लेअर नसेल तर ती चालणार नाही. क्रायटेरियनचा २००५चा दोन डिस्कचा डीव्हीडी संच जुन्या बाजारात दिसला तरी सोडून द्या. मुलाखती त्यातही आहेत, पण त्या माळावरचं गवत डीव्हीडीच्या रिझोल्यूशनमध्ये मावत नाही.