किट करार: हमीची रक्कम घ्यावी की विक्रीतला वाटा?

फुटबॉल क्लबच्या संचालक मंडळापुढे किट म्हणजे संघाचा पोशाख पुरवण्याच्या कराराचे दोन प्रस्ताव येतात, तेव्हा पहिल्या पानावरचा एकूण आकडा वाचतानाच अर्धा निर्णय होऊन गेलेला असतो. हा आकडा बहुधा कराराच्या सर्व वर्षांची बेरीज करून, आणि पुष्कळदा सगळे बोनस मिळणारच असे धरून काढलेला असतो, त्यामुळे तुलनेसाठी त्याचा फारसा उपयोग होत नाही. निर्णय घेणाऱ्याने विचारायचे प्रश्न दोन आहेत: संघ गुणतक्त्यात मधल्या स्थानावर घसरला तर त्या वर्षी नक्की किती रक्कम जमा होईल, आणि जर्सी खपल्या नाहीत तर तो तोटा कोणी सोसायचा?

सुरुवातीलाच एक गल्लत दूर केलेली बरी. किट तयार करून विकणारी कंपनी आणि जर्सीच्या छातीवर नाव झळकवणारा मुख्य प्रायोजक हे दोन वेगळे व्यवहार आहेत. पहिल्या व्यवहारात प्रश्न मोबदल्याच्या रचनेचा असतो, तर दुसऱ्यात तो प्रामुख्याने समोरच्याच्या आर्थिक पतीचा असतो.

किट पुरवठ्यातील हमीच्या रकमेचे ठळक उदाहरण म्हणजे मँचेस्टर युनायटेड आणि आदिदास यांचा २०१५-१६ च्या हंगामापासून लागू झालेला दहा वर्षांचा करार. त्यात किमान ७५ कोटी पौंडांची हमी होती, म्हणजे सरासरीने वर्षाला ७.५ कोटी. मात्र सलग दोन हंगाम चॅम्पियन्स लीग या युरोपातील अव्वल क्लब स्पर्धेत स्थान मिळाले नाही, तर त्या वर्षीच्या रकमेत ३० टक्के कपात करण्याची अटही त्यात होती, आणि सरासरीच्या हिशेबाने ती सव्वादोन कोटींच्या घरात जाते. २०१६-१७ मध्ये युनायटेड त्या स्पर्धेत नव्हता आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्येही तो सहाव्या क्रमांकावर राहिला. मे २०१७ मध्ये स्टॉकहोमला आयॅक्सला हरवून त्याने युरोपा लीग ही युरोपातील दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा जिंकली, म्हणून पुढच्या हंगामाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि कपात टळली. एका अंतिम सामन्यावर किट कराराचे एवढे पैसे अवलंबून असतील, तर त्या रकमेला हमी म्हणताना थोडे थांबायला हवे. २०२३ मध्ये हा करार २०३५ पर्यंत वाढवताना दहा वर्षांसाठी किमान ९० कोटी पौंड ठरले आणि कपातीची अटही बदलली: आता चॅम्पियन्स लीग चुकलेल्या प्रत्येक वर्षासाठी एक कोटी वजा होतात. कपात लहान झाली, पण ती लागू व्हायला दुसऱ्या वर्षाची वाट पाहावी लागत नाही. मे २०२५ मध्ये बिल्बाओतील युरोपा लीगचा अंतिम सामना टॉटनहॅमविरुद्ध गमावून चॅम्पियन्स लीगचा प्रवेश हुकल्यावर युनायटेडला हा फरक लगेच कळला.

दुसऱ्या रचनेत पायाभूत रक्कम कमी असते आणि विक्रीवर रॉयल्टी मिळते. २०२०-२१ ते २०२४-२५ या हंगामांत लिव्हरपूलला किट पुरवणाऱ्या नायकेने वर्षाला ३ कोटी पौंड आणि निव्वळ विक्रीवर २० टक्के देऊ केले होते. न्यू बॅलन्स या आधीच्या पुरवठादार कंपनीच्या करारातून वर्षाला साधारण साडेचार कोटी मिळत असल्याचे सांगितले जात होते. वरवर पाहता हा उलटा प्रवास वाटतो. दीड कोटींची ही तूट रॉयल्टीतून भरून काढायची, तर वर्षाला साडेसात कोटी पौंडांची निव्वळ विक्री व्हायला हवी. इथे ‘निव्वळ विक्री’ म्हणजे दुकानातली किंमत नव्हे, आणि अनेकांचा हिशेब इथेच चुकतो. समजा, जर्सी दुकानात ८० पौंडांना विकली जाते. त्यातून २० टक्के दराने आकारलेला कर वजा केला की सुमारे ६७ पौंड उरतात. दुकानदाराने त्यातला निम्मा हिस्सा ठेवला असे धरले, तर कंपनीच्या हाती ३३ पौंड येतात आणि क्लबचा वाटा जेमतेम ६.६७ पौंडांचा होतो. या हिशेबाने नुसती तूट भरून निघायलाच सुमारे साडेबावीस लाख जर्सी खपायला लागतात, आणि खरा फायदा त्यानंतर सुरू होतो. क्लबच्या स्वतःच्या दुकानातून झालेल्या विक्रीत दुकानदाराचा नफाही क्लबकडेच राहतो, पण तो कोणत्याही रचनेत राहतोच. तो रॉयल्टीच्या बाजूने मोजणे ही फसवी बेरीज आहे.

लिव्हरपूलने ही रचना स्वीकारली ती जगभरातील विक्रीचा भरवसा असल्यामुळे, आणि जगभर चाहते असलेल्या मोजक्या क्लबांसाठी ती योग्यच आहे. बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांची विक्री मुख्यतः स्वतःच्या शहरात होते त्यांनी, माझ्या मते थोडी कमी असली तरी निश्चित रक्कम घ्यावी आणि ठरावीक विक्रीच्या वर गेल्यास वाटा मागावा. रॉयल्टी स्वीकारायचीच असेल तर हिशेब तपासण्याचा हक्क, वितरणाची किमान व्याप्ती आणि सवलतीत विकलेल्या मालाची गणती या तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय तिला अर्थ नाही.

छातीवरच्या प्रायोजकाकडे वळताना मी रकमेआधी ताळेबंद मागेन. सप्टेंबर २००८ मध्ये एक्सएल ही पर्यटन कंपनी बुडाली आणि ऐन हंगामात वेस्ट हॅमच्या जर्सीवरचे नाव झाकावे लागले. २०२२-२३ मध्ये डिजिटलबिट्स या आभासी चलनाशी संबंधित प्रायोजकाकडून पैसे न आल्याने इंटर मिलानने ते नाव काढून टाकले आणि त्या वर्षीच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात जर्सीवर दुसरेच नाव होते. दोन्ही वेळी करार कागदावर भक्कम होता. सट्टेबाजीच्या कंपन्या मधल्या आणि तळाच्या क्लबांना इतरांपेक्षा जास्त रक्कम देऊ करत आल्या आहेत, पण प्रीमियर लीगच्या क्लबांनी एप्रिल २०२३ मध्ये मान्य केल्याप्रमाणे २०२५-२६ च्या हंगामानंतर जर्सीच्या पुढच्या बाजूला त्यांची नावे येणार नाहीत. म्हणून अशा प्रायोजकाच्या जुन्या दरावर पुढच्या वर्षांचे अंदाजपत्रक बेतणे धोक्याचे आहे.

कराराची मुदत ही सर्वांत कमी चर्चा होणारी, पण माझ्या दृष्टीने सर्वांत महाग पडणारी बाब आहे. आर्सेनलने २००४ मध्ये एमिरेट्स या विमान कंपनीशी सुमारे १० कोटी पौंडांचा करार केला. त्यात नव्या स्टेडियमचे नाव १५ वर्षांसाठी आणि जर्सीवरचे नाव ८ वर्षांसाठी होते. स्टेडियम बांधायला पैशांची निकड होती, त्यामुळे तेव्हाचा निर्णय समजण्यासारखा आहे, परंतु बाजारभाव झपाट्याने वाढत असताना क्लब जुन्या दरातच अडकला, आणि २०१२ मध्ये झालेल्या नव्या करारात जर्सीची केवळ पाच वर्षे आणि नावाची वाढीव मुदत मिळून १५ कोटी ठरले. चेल्सीने उलट मार्ग धरला: आदिदासशी झालेला, २०२३ पर्यंत चालणारा करार भरपाई देऊन २०१७ मध्येच संपवला आणि नायकेशी १५ वर्षांचा करार केला. लवकर बाहेर पडता येते, पण त्याची किंमत नव्या कराराच्या रकमेतून वजा करूनच तुलना करावी. दर वाढत असतील तर पाच वर्षांचा करार, किंवा दीर्घ करारात मधल्या टप्प्यावर दराचा फेरविचार, यांपैकी एक मागणी धरून ठेवावी.

आगाऊ मिळणारी मोठी रक्कमही नीट समजून घ्यावी. ती रोख म्हणून आज हाती येते, परंतु हिशेबात उत्पन्न म्हणून करारातील वर्षांवर विभागली जाते. युएफा या युरोपीय फुटबॉलच्या नियामक संस्थेच्या नियमानुसार २०२५-२६ पासून खेळाडू व प्रशिक्षकांचे वेतन, खेळाडूंच्या खरेदीच्या किमतीचा करारातील वर्षांवर विभागलेला हिस्सा आणि एजंटांचे शुल्क यांचा खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. त्यामुळे पहिल्याच वर्षी मिळालेले ५ कोटी दहा वर्षांच्या करारात दरवर्षी केवळ ५० लाखांचे उत्पन्न दाखवतात, आणि त्यातून संघावर जादा खर्च करण्याची मुभा ३५ लाखांचीच मिळते. मालकाशी संबंधित कंपनीने प्रायोजकत्व दिले असेल, तर रास्त बाजारमूल्यापेक्षा जास्त असलेला भाग हिशेबात धरला जात नाही, हेही लक्षात असू द्यावे.

एक कलम मात्र दोन्ही प्रकारच्या प्रस्तावांत बऱ्याचदा येते: मुदत संपताना जुन्या पुरवठादाराला नव्या प्रस्तावाची बरोबरी करण्याचा हक्क. लिव्हरपूलच्या करारात तो होता आणि २०१९ मध्ये प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. नायकेच्या प्रस्तावाची बरोबरी केल्याचा न्यू बॅलन्सचा दावा न्यायालयाने फेटाळला, कारण फुटबॉलबाहेरील जागतिक कीर्तीच्या व्यक्तींमार्फत प्रचार करण्याच्या नायकेच्या वचनाची बरोबरी तिच्या प्रस्तावात नव्हती. लिव्हरपूल जिंकला, तरी पुढचा पुरवठादार कोण हे ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत अनिश्चित होते. हे कलम टाळता येत नसेल, तर बरोबरी कोणकोणत्या बाबींत मोजली जाईल आणि उत्तर किती दिवसांत द्यायचे, हे सही करण्यापूर्वी ठरवून घ्यावे. तयार किट दुकानात पोहोचायला लागणारे महिने लक्षात घेता ही मुदत महिन्याभरापेक्षा जास्त मान्य करू नये.