एकटीची पहिली परदेशवारी: श्रीलंका की व्हिएतनाम?

सुट्टी नऊ-दहा दिवसांची असेल तर श्रीलंका, चौदा किंवा जास्त दिवस मिळत असतील तर व्हिएतनाम. पहिल्यांदाच एकटीने निघालेल्या मुलीला दोन्ही देश झेपतात. मुंबईहून दोन्हीकडे थेट विमान आहे, कोलंबो अडीच तासांवर आणि हनोई पाचेक तासांवर. पण ‘कुठला देश सेफ?’ एवढंच विचारून निवड होत नाही. बस किंवा ट्रेनमधून उतरल्यापासून खोलीची कडी आतून लावेपर्यंतचा वेळ कसा जाणार, हे पाहिलं की दोन्हींतला फरक कळतो.

अंधार पडल्यावर

श्रीलंकेत लहान गावं लवकर मिटतात. रात्री आठ-नऊनंतर रस्त्यावर फारसं कोणी नसतं आणि बस विरळ होतात. म्हणून सकाळी निघून चारच्या आत मुक्कामी पोचायचं. अंतरं लहान असल्याने हे जमतं: कोलंबो ते कँडी ट्रेनने सुमारे तीन तास, कँडी ते एला सहा-सात. निघण्याआधी दोन-तीन दिवस, घाटातली ही गाडी पूर्ण मार्गावर धावते आहे ना, ते बघा. दरडींमुळे मार्ग तुटतो. आरक्षण 30 दिवस आधी उघडतं आणि पटकन संपतं. ते हुकलं तर सेकंड किंवा थर्ड क्लासचं विनाआरक्षण तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं, मग उभं राहण्याची तयारी ठेवा.

विमान रात्री उतरणार असेल तर कोलंबोला जाण्याची घाई नको. विमानतळ कटुनायकेला आहे, शहरापासून तीसेक किलोमीटरवर. निगोंबो मात्र दहाएक किलोमीटरच आहे. पहिली रात्र तिथे काढा आणि गेस्टहाउसवाल्यांनाच गाडी पाठवायला सांगा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. श्रीलंकेतल्या गर्दीच्या बसमध्ये अंगचटीला येणं ही खरी आणि जुनी तक्रार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने 2015 मध्ये केलेल्या पाहणीत 90 टक्के स्त्रियांनी बस-ट्रेनमध्ये कधी ना कधी छळ सोसल्याचं सांगितलं. लोकलने प्रवास करणाऱ्या मुलीला उपाय ठाऊक असतात: बाईशेजारची जागा धरायची, सॅक छातीशी घ्यायची, आवाज चढवायला लाजायचं नाही. लांबच्या टप्प्याला थोडे पैसे जास्त मोजून एसी बस घ्या, तिथे उभ्याने कोंबत नाहीत.

व्हिएतनाममध्ये प्रश्न उलटा आहे. देश लांबलचक आहे, हनोई ते सायगाव (हो ची मिन्ह सिटी) रेल्वेमार्ग 1,726 किलोमीटरचा. त्यामुळे रात्रीचा प्रवास टळत नाही. स्लीपर बसमध्ये तीन रांगा आणि दोन मजले असतात. चढतानाच चपला-बूट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकायचे. डोंगरात वरचा बर्थ फार डुलतो, त्यामुळे उलटीचा त्रास असेल तर खालचाच मागा. गफलत होते ती पोचल्यावर. हनोईहून रात्री दहाला सुटलेली, डोंगरातल्या ‘सा पा’ गावाची बस पहाटे चारच्या सुमाराला पोचते आणि हॉस्टेलचं चेक-इन असतं दुपारी. बुकिंगआधी दोन गोष्टी विचारा: उजाडेपर्यंत बसमध्ये झोपू देतात का, आणि हॉस्टेलचं रिसेप्शन रात्रभर उघडं असतं का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर दिवसाची बस घ्या.

शहरात मात्र व्हिएतनाम सोपं. हनोईच्या जुन्या भागात रात्री अकरालाही फुटपाथवर लोक बुटक्या स्टुलांवर बसून जेवत असतात. टॅक्सी बोलावण्याच्या ग्रॅब ॲपवर भाडं आधीच दिसतं, घासाघीस नाही. श्रीलंकेत हेच काम पिकमी करतं, पण लहान गावांत रिक्षा मिळेलच असं नाही.

सोबत आणि खोली

हॉस्टेलची फक्त मुलींची डॉर्म व्हिएतनामच्या बहुतेक पर्यटनगावांत मिळते, साधारण दीड ते अडीच लाख डाँगला. एका रुपयाला सुमारे 300 डाँग धरले तर हे 500 ते 850 रुपये झाले. संध्याकाळी बोलायला कोणीतरी भेटतंच. लॉकरसाठी कुलूप घरूनच न्या. श्रीलंकेत भर घरगुती गेस्टहाउसवर आहे. तिथली काकू सकाळी नाश्ता देते आणि उशीर झाला तर फोन करते. पहिल्या दोन-तीन रात्री ही काळजी फार आधार देते, पण समवयस्क सोबत हवी असेल तर डोंगरातलं एला किंवा किनाऱ्यावरचं वेलिगामाच गाठावं लागतं.

‘हा जियांग’ आणि लायसन्सची अडचण

व्हिएतनाम निवडणाऱ्या बहुतेक मुलींच्या मनात उत्तरेकडच्या ‘हा जियांग’ भागातला डोंगरी वळसा (लूप) असतो. तिथे भाड्याची बाइक स्वतः चालवू नका. व्हिएतनाम रस्ते-वाहतुकीच्या 1968 च्या करारावरचा आंतरराष्ट्रीय परवाना मानतं, आपल्या आरटीओतून मिळतो तो 1949 च्या करारावरचा. कागद हातात असूनही तो तिथे चालत नाही. पोलिसांचा दंड भरता येईल, पण अपघात झाला तर ‘वैध परवाना नव्हता’ म्हणून विमा कंपनी क्लेम नाकारते. स्थानिक चालकाच्या मागे बसून तीन-चार दिवसांचा वळसा करता येतो, त्याला तिथे ‘ईझी रायडर’ म्हणतात. 1 जुलै 2025 पासून हा जियांग प्रांत तुयेन क्वांगमध्ये विलीन झाला आहे. पत्त्यात तुयेन क्वांग दिसलं तर गोंधळू नका, बसचं तिकीट मात्र हा जियांग शहराचंच घ्या. तुयेन क्वांग शहर वेगळं आहे आणि वाटेतच लागतं.

व्हिसा, पैसे, फोन

व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, एका प्रवेशासाठी 25 डॉलर. सरकारी साइटवरूनच काढा, हुबेहूब दिसणाऱ्या दलालांच्या साइट भरपूर आहेत. आपल्याकडच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुधा मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं. फॉर्ममध्ये ते गाळलं तर नाव जुळत नाही आणि मुंबईच्या काउंटरवरच अडवतात. व्हिसा हाती आला की नाव, पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून बघा. श्रीलंकेसाठी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची पूर्वपरवानगी, लागतं. त्याच्या शुल्काचे नियम अनेकदा बदलले आहेत, म्हणून निघण्याआधी सरकारी साइट पुन्हा उघडा.

डेबिट कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावा लागतो. ओटीपी येतो भारतीय सिमवर, त्यामुळे त्याचं रोमिंग चालू ठेवा आणि डेटासाठी ई-सिम घ्या. श्रीलंकेत 2024 पासून अनेक दुकानांत यूपीआय चालतं. व्हिएतनाममध्ये 20 हजार आणि 5 लाख डाँगच्या दोन्ही नोटा निळ्या असतात. रात्री टॅक्सीत 70 रुपयांऐवजी 1,700 हातावर ठेवले जातात, म्हणून 5 लाखाची नोट वेगळ्या कप्प्यात ठेवा.

पोटाचं

शाकाहारी मुलीला श्रीलंका सोपी: भात, परिप्पू म्हणजे डाळ, आणि सकाळी कोकणातल्या शिरवळ्यांच्या जवळचे स्ट्रिंग हॉपर्स. नारळाच्या सांबोलात सुक्या माशाचा चुरा असू शकतो, विचारून घ्या. ‘मालु’ म्हणजे मासा, ‘एळवळु’ म्हणजे भाजी. व्हिएतनाममध्ये नुसत्या भाजीतही फिश सॉस पडतो. तिथे शाकाहाराला ‘चाय’ म्हणतात. पाटीवर सी-एच-ए-वाय ही चार अक्षरं दिसली की बिनधास्त बसा. नळाचं पाणी दोन्हीकडे पिऊ नका, मेन्स्ट्रुअल कपही बाटलीच्या पाण्याने धुवा.

सुट्टी कधी आहे?

नाताळ ते मार्च श्रीलंकेचा दक्षिण किनारा आणि डोंगर उत्तम, तेव्हा सा पात मात्र कडाक्याची थंडी आणि धुकं. मे महिन्यात श्रीलंकेच्या दक्षिणेला पाऊस लागतो, त्या वेळी पूर्वेला त्रिंकोमालीला जा, किंवा थेट व्हिएतनामच्या दा नांगला. दिवाळीच्या सुट्टीत मध्य व्हिएतनाममधली हुए आणि होई आन ही शहरं टाळा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे पूर येतो. उत्तर व्हिएतनाम त्याच काळात सगळ्यात छान असतं. टेटच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या, आठवड्यात तिथे जाऊ नका. 2027 मध्ये तो सण 6 फेब्रुवारीला आहे. दुकानं बंद, बसची तिकिटं संपलेली, आणि हनोईतली निम्मी माणसं आपापल्या गावी गेलेली असतात.