शेततळ्याच्या पाण्याला सँड फिल्टर घ्यावा की डिस्क?

ठिबकचा संच घ्यायला गेलं की डीलर बहुतेक वेळा डिस्क फिल्टर, म्हणजे खाचांच्या चकत्यांमधून पाणी गाळणारा फिल्टर, पुढे करतो. स्वस्त पडतो, जागा कमी लागते, वाळूच्या थरातून पाणी गाळणाऱ्या सँड फिल्टरसारखी वाळू बदलायची कटकट नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. विहिरीचं निवळ पाणी असेल तर मीही डिस्कच घ्या म्हणेन, विषय संपला.

प्रश्न आहे तो तळ्याच्या पाण्याचा. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याकडं मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. त्यानंतर ज्याला त्याला तळं हवं झालं, २०१६ला ‘मागेल त्याला शेततळे’ योजनाही आली. प्लास्टिक अंथरलं, पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरायला लागलं, आणि त्याच पाण्यात शेवाळ वाढायला लागलं. मार्च लागला की तळं हिरवंगार. मोरचूद टाका म्हणणारे भेटतात, पण तळ्यात मासे सोडलेले असले की हात धजत नाही. मग सगळा भार फिल्टरवर येतो.

मी आधी डिस्क वापरला, आता सँड वापरतो. गाळण्यात डिस्क कमी पडतो असं मी म्हणणार नाही. १२० मेशचा (मेश म्हणजे गाळण किती बारीक त्याचं माप) चांगला डिस्क बसवला तर ड्रिपरपर्यंत घाण जात नाही. माझं बिनसलं ते रात्रीच्या लाईटवरून. शेतीची लाईट रात्रपाळीची असली की मोटार चालू करून माणूस जरा आडवा होणार. इकडं शेवाळाच्या पाण्यानं डिस्क भरतो, शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही. मग उठा, मोटार बंद करा, क्लॅम्प सोडवा, चकत्यांची माळ बाहेर काढा. चकत्यांच्या बारीक खाचांत शेवाळाचा चिकटा असा बसतो की पाण्यात नुसतं खळबळून निघत नाही. एक हात बॅटरीला, दुसऱ्या हातात जुना दात घासायचा ब्रश, आणि एकेक चकती घासत बसायचं. एखादी चिखलात पडली की ती शोधा. पायाखाली काय असेल ते वेगळंच. चकत्या नीट दाबून बसल्या नाहीत तर मधल्या फटीतून घाण थेट नळीत जाते. हे सगळं उरकेपर्यंत मोटार बंद, आणि लाईट काही तुमच्यासाठी थांबत नाही.

सँड फिल्टरचं काम उभ्या उभ्या होतं. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा दाब दाखवणारे दोन गेज बघायचे. फरक अर्ध्या किलोच्या आसपास गेला की व्हॉल्व्ह फिरवून बॅकवॉश द्यायचा. मोटार चालूच राहते. पाणी उलटं खालून वर येतं, वाळू फुगते, आधी हिरवट गढूळ लोंढा पडतो आणि मग हळूहळू निवळतो. निवळलं की व्हॉल्व्ह पूर्ववत. शेवाळ वाळूच्या थरात खोलवर अडकतं, वरच्यावर लगेच जाम होत नाही. त्यामुळं माझ्या अनुभवात रात्री उठायचं काम जवळपास संपलं. दुसऱ्याच्या तळ्याचं पाणी वेगळं असेल, तिथं थोडा फरक पडू शकतो.

आता वाळूची कटकट. ती आहे, पण रोजची नाही. वर्षातून एकदा, बाग ताणावर, म्हणजे पाणी तोडलेलं असताना, झाकण उघडून मूठभर वाळू हातात घ्यायची. दाणे सुटे आणि टोकदार लागले तर ठीक. शेवाळ-मातीचे गोळे झाले असतील, दाणे गुळगुळीत झाले असतील किंवा बॅकवॉश देऊनही गेजमधला फरक कमी होत नसेल, तर वाळू बदलायची वेळ झाली. बॅकवॉशबरोबर थोडी वाळू वाहूनही जाते, तेवढी भर घालावी लागते.

बदलताना गोदावरीची वाळू चाळून टाकू नका. फुकट मिळाली तरी नको. ती गोल असते, तिच्यात माती असते, चुनखडीचे कणही असू शकतात. शंका आली तर ॲसिडचे दोन थेंब टाकून बघा, फेस आला की ती वाळू बांधकामाला ठेवा. फिल्टरला चाळलेली, कोनदार सिलिका वाळूच लागते. जुनी वाळू काढल्यावर तळातल्या फटीच्या प्लास्टिकच्या टोप्या बोटानं चाचपून बघायच्या. एखादी तडकली असली तर वाळू पुढं जाते. सँडच्या पुढं जाळीचा फिल्टर हवाच, आणि त्यात वाळूचे दाणे सापडले तर कारण हेच असतं. नवी वाळू ओतण्याआधी टाकीत थोडं पाणी घ्यावं, म्हणजे टोप्यांवर मार बसत नाही. टाकी काठोकाठ भरायची नाही, नाहीतर वाळूला फुगायला जागा राहत नाही. आणि पहिलं पाणी रानात सोडायचं नाही. आधी बॅकवॉश, नाहीतर वाळूची भुकटी ड्रिपरमध्ये बसेल.

सँडच्या विरोधात मला एकच गोष्ट मोठी वाटते, ती म्हणजे बॅकवॉशला जाणारं पाणी. आपल्याकडं उन्हाळ्यात ते डोळ्यांना सलतं. मी ते चारीनं बांधावरच्या लिंबांना सोडलंय. दोन टाक्यांचा संच परवडत असेल तर तोच बघा. एका टाकीच्या गाळलेल्या पाण्यानं दुसरी धुता येते. एकाच टाकीला तळ्याच्याच घाण पाण्यानं धुवावं लागतं.

सौरपंपवाल्यांना रात्री उठायचा प्रश्नच नाही, त्यांनी डिस्कचा विचार जरूर करावा. मात्र सँड घेतला तर बॅकवॉश भर उन्हात, पंपाला जोर असतानाच द्यावा लागेल, सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळू हलत नाही. आपोआप धुतला जाणारा डिस्कही मिळतो, पण त्या किमतीत सँड आणि जाळी दोन्ही येतात. ज्यांची लाईट रात्रीची आणि तळं हिरवं, त्यांनी डीलरकडून भाव घेताना सँडच्या कोटेशनमध्ये पुढचा जाळीचा फिल्टर आणि दोन्ही गेज धरलेत का, तेवढं बघून घ्यावं. बरेच जण ते नंतर वेगळे लावतात.